आमच्या लॅब्रॅडॉर (लॅब) कुत्र्याची खाज काही केल्या थांबत नाहीये, सुरुवात नक्की कुठून करू?

गब्बूची_आई :

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहिती दिली तर तुम्हीही काय सांगणार. आमचा गब्बू लॅब आहे, अडीच वर्षांचा. तसा ठणठणीत आहे, खातो पितो खेळतो सगळं चालू आहे, पण गेल्या काही महिन्यांपासून अंगाला खाज सुटलीये आणि ती थांबायचं नावच घेत नाहीये. आधी फक्त पुढचे पंजे चाटायचा, आता बोटांच्या मधली कातडी लालभडक झालीये आणि तिथले फिकट केस तांबूस तपकिरी दिसायला लागलेत. पोटाखाली आणि जांघेत लाली आहे, बारीक पुळ्या पण आहेत. शेपटी जिथे सुरू होते त्याच्या वरच्या भागात केस विरळ झालेत, तिथे तो दातांनी कुरतडत बसतो, एका ठिकाणी तर जखमच झालीये. मधूनच डोकं झटकतो, आणि जवळ गेलं की एक कुबट वास येतो जो आंघोळ घातली तरी चारच दिवसांत परत येतो.

डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी एक इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी खाज गायब, आम्ही खूश, मग काही आठवड्यांत परत होतं तसंच. परत नेलं, परत इंजेक्शन, परत तेच. गोळी नको म्हणून शॅम्पू बदलून पाहिले, एका ओळखीच्यांनी त्यांच्या स्वतःच्या खाजेचं मलम दिलंय पण ते अजून लावलेलं नाही. पिसवा मला तरी दिसत नाहीत. घरात एक मांजर पण आहे, ती व्यवस्थित आहे, खाजवताना दिसत नाही.

प्रश्न असे आहेत की हे खाण्यामुळे होत असेल का, सगळे म्हणतात चिकन बंद करा. अंगावरचे केस पूर्ण कापून टाकले तर बरं वाटेल का? आणि मुख्य म्हणजे हे परत परत होऊ नये म्हणून काय करायचं? रात्री अकरा वाजता झोपलेलं पिल्लू दोन वाजता उठून खाजवत बसतं, मला बघवत नाही अक्षरशः.

रानवारा :

ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून सगळ्यात आधी डोळ्यात भरली ती शेपटीच्या वरची जागा. पाठीचा मागचा भाग, शेपटीचं मूळ, मांड्यांची मागची बाजू, इथे कुत्रा कुरतडत असेल तर पहिला संशय पिसवांवरच घ्यायचा, दिसोत किंवा न दिसोत. बऱ्याच कुत्र्यांना पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, आणि अशा कुत्र्याला अंगावर पिसवांचा सुळसुळाट असावा लागत नाही, चार-दोन चावे बसले तरी खाज कितीतरी दिवस राहते. वर तो इतकं चाटतो आणि कुरतडतो की अंगावरच्या पिसवा त्याच्याच पोटात जातात, म्हणून तुम्हाला सापडत नाहीत.

आज एक करून बघा. बारीक दातांचा कंगवा घ्या, शेपटीच्या वरच्या भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला कातडीला टेकवून फिरवा, जे निघेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा टिश्यूवर झटका. काळे बारीक कण पडले आणि थोड्या वेळात त्यांच्याभोवती तांबडट डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. साधी धूळ असेल तर असा लाल रंग सुटत नाही.

आता महत्त्वाचा भाग, जो बहुतेक घरांत राहून जातो. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांच्या साधारण ५ टक्केच. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष या रूपात गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, त्याच्या अंथरुणात, गाडीच्या सीटखाली असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते आणि ती अंडी अंगाला चिकटून राहत नाहीत, कुत्रा जिथे जिथे बसेल तिथे गळतात. कोषातली पिसू तर महिनोनमहिने आत दबा धरून राहू शकते, जवळ काही हललं, ऊब आली, श्वासाची हवा लागली की बाहेर पडते. त्यामुळे एकदा औषध टाकलं आणि आठवड्याने परत पिसू दिसली की लोक म्हणतात औषध खोटं आहे. औषध खोटं नसतं, कोषातून नवीन निघत असतात. निदान सलग तीन महिने एकही डोस न चुकवता औषध चालू ठेवायचं, तेव्हा ते चक्र तुटतं.

घरात रोज व्हॅक्यूम, विशेषतः फर्निचरच्या खाली आणि भिंतीच्या कडेने, आणि व्हॅक्यूममधली धूळ लगेच घराबाहेर टाकायची. अंथरूण, पांघरूण, सोफ्याची कव्हरं जमलं तर ६० डिग्रीच्या गरम पाण्यात दर आठवड्याला धुवा.

आणि मांजरीलाही औषध हवंच, ती खाजवत नसली तरी. पण कृपा करून कुत्र्याचं औषध मांजरीला लावू नका. कुत्र्यांच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजरीचं शरीर ते पचवू शकत नाही, तिला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्याच्या अंगाला अंग घासणार नाही एवढं बघा. मांजरीसाठी वेगळं, तिच्या वजनाचं.

जाता जाता, चाटताना पिसू गिळली की पोटात पट्टकृमी होऊ शकतात. गब्बूच्या गुदद्वाराजवळ किंवा शीमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसतात का तेही बघून ठेवा.

हिरवी_पालवी :

मी तर म्हणेन आधी सगळी केमिकलं बंद करा. रोज किंवा एक दिवसाआड आंघोळ, मग अंगाला तेल चोळायचं, पंजांवर पाण्यात व्हिनेगर मिसळून मारायचं. टी ट्री ऑइलचे चार थेंब शॅम्पूत घातले की वास पण जातो आणि खाज पण. आमच्या ओळखीत एकांना याने खूप फरक पडला. एवढ्या लहान जिवाला स्टेरॉइडची इंजेक्शनं देणं मला तरी पटत नाही.

प्राणीडॉक :

हिरवी_पालवी, तुमची कळकळ कळते आणि इंजेक्शनांबद्दलची तुमची काळजी तर रास्तच आहे, पण टी ट्री ऑइलबद्दल मला स्पष्ट लिहायलाच हवं, कारण हे वाचून कोणीतरी आज संध्याकाळी करून बघेल. निव्वळ टी ट्री ऑइल कुत्र्यामांजरांसाठी विषारी आहे. कातडीतून शोषलं जातं, शिवाय कुत्रा ते चाटतो, आणि मग पाय लटपटणं, अंगात त्राण नसणं, थरथर अशी लक्षणं दिसतात. बाटलीतून अंदाजे थेंब टाकण्यासारखी ती वस्तू नाही. व्हिनेगर फुटलेल्या, लाल कातडीवर प्रचंड झोंबतं. आणि तेलाचं म्हणाल तर या केसमध्ये मला ते मुळीच नको वाटतं. कुबट वास, तेलकटपणा, पंजांचे तांबूस झालेले केस, डोकं झटकणं हे सगळं एकत्र आलं की मलासेझिया नावाच्या यीस्टचा (एक प्रकारच्या बुरशीचा) संशय येतो, आणि हे यीस्ट कातडीवरच्या स्निग्धावरच वाढतं. चाटून पोटात गेलेलं तेल जुलाब करतं ते वेगळंच. (पंजांचा तांबूस रंग मात्र लाळेमुळे येतो, म्हणजे तो जास्त चाटतोय एवढंच त्यावरून कळतं.) तात्पुरता आराम हवा असेल तर गार किंवा कोमट पाण्याची आंघोळ, कुत्र्यांसाठीचा ओटमील शॅम्पू, एवढं बिनधास्त करा.

आता गब्बूची_आई, तुमच्याकडे वळतो. खाज हे लक्षण आहे, आजार नाही. पिसवा, लूत, यीस्ट, बॅक्टेरिया, अन्नाची अ‍ॅलर्जी, धूळ-परागकणांची अ‍ॅलर्जी, सगळ्यांत कुत्रा खाजवतोच, आणि बऱ्याचदा यातली दोन-तीन कारणं एकाच वेळी अंगावर असतात. म्हणून एक शॅम्पू, एक गोळी, एक इंजेक्शन असं उत्तर मिळत नाही. क्रम लावून एकेक कारण बाद करत जावं लागतं आणि तो क्रम असा की आधी परोपजीवी, मग इन्फेक्शन, मग अन्न, आणि सगळं बाद झाल्यावर वातावरणातली अ‍ॅलर्जी. पहिल्याबद्दल रानवारा यांनी छान लिहिलंय.

इंजेक्शन कुठलं होतं ते त्याच्या फाइलवर लिहिलेलं असेल, बघा. तुमच्या वर्णनावरून ते दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड असावं. स्टेरॉइड वाईट नसतं, योग्य वेळी, योग्य डोसमध्ये ते फार उपयोगी औषध आहे, कधी कधी तर त्या जिवाला त्या क्षणी दुसरं काहीच आराम देत नाही. पण कारण न शोधता तेच तेच देत राहिलं तर तहान आणि लघवी वाढते, भूक सुटते, वजन चढतं, कातडी पातळ होते, आणि इन्फेक्शनशी लढायची ताकद कमी होऊन मूळ दुखणं आणखी गुंतागुंतीचं होतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मात्र मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, त्या हळूहळू कमी करत आणायच्या असतात.

पुढच्या वेळी गेलात की दोन तपासण्या मागा. एक, स्किन स्क्रेपिंग, म्हणजे बोथट ब्लेडने कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघणं. दुसरी टेप टेस्ट, पारदर्शक चिकटपट्टी पंजाच्या बेचक्यात दाबायची, रंग द्यायचा आणि बघायची. कानातला मळही तसाच बघायचा. या तपासण्या बहुतेक वेळा तिथल्या तिथे होतात आणि यीस्ट आहे का, बॅक्टेरिया आहेत का, किती आहेत हे डोळ्यांनी दिसतं. आधी बघायचं, मग औषध ठरवायचं.

लुतीचे दोन प्रकार असतात ते पण माहीत असू द्या. सारकॉप्टिक लूत भयंकर खाजरी असते, कानाच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायाचे घोटे इथे सुरू होते आणि संसर्गजन्य असते, घरातल्या माणसांच्या हातावर, पोटावरही खाजऱ्या पुळ्या येऊ शकतात. कानाची कड बोटांत धरून चोळली की कुत्रा मागच्या पायाने खाजवल्यासारखं करायला लागला तर संशय वाढतो. हा किडा स्क्रेपिंगमध्ये हुलकावणी देतो, त्यामुळे रिपोर्ट कोरा आला तरी डॉक्टर उपचार देऊन बघतात, ते बरोबरच आहे. दुसरी डेमोडेक्स. तिचे किडे पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडूनच मिळतात आणि थोडेफार जवळपास सगळ्याच कुत्र्यांच्या अंगावर असतात, प्रतिकारशक्ती कमी पडली की वाढतात. डोळ्याभोवती, तोंडाजवळ केस जाऊन चट्टे पडतात, सुरुवातीला खाज फारशी नसते आणि दुसऱ्याला लागत नाही. सतत स्टेरॉइड दिल्याने हीच डेमोडेक्स उफाळून येऊ शकते, म्हणून स्क्रेपिंग आधी.

ते ओळखीच्यांचं मलम लावलं नाहीत हे फार चांगलं केलंत, लावूच नका. माणसांच्या मलमात काय काय असतं आणि कुत्रा लावलेली प्रत्येक गोष्ट चाटतो. सोरायसिसच्या काही मलमांतलं कॅल्सिपोट्रिऑल तर अगदी थोडं पोटात गेलं तरी जीवघेणं ठरतं, झिंक असलेली मलमंही धोक्याची. तसंच घरातल्या सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मनाने देऊ नका, काहींत नाक मोकळं करणारं दुसरं औषध मिसळलेलं असतं आणि ते कुत्र्याच्या हृदयाला झेपत नाही. रॉकेल, इंजिन ऑइल असले उपाय कोणी सुचवले तर त्यांना हात जोडा आणि तिथेच थांबवा, त्याने कातडी भाजते आणि चाटलं की विषबाधा होते.

केस पूर्ण कापू नका. लॅबला दोन थरांचं फर असतं, ते ऊन आणि ओरखडे दोन्हीपासून वाचवतं. फक्त जखमेभोवतीचे केस ट्रिमरने कापा म्हणजे हवा लागेल आणि औषध कातडीपर्यंत जाईल. कात्री वापरू नका, एक हिसका दिला की कातडी कापली जाते.

गब्बूची_आई :

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. कंगवा फिरवला, काळे कण निघाले आणि ओल्या टिश्यूवर चक्क तांबडे डाग पडले! मी मटकन खालीच बसले. फाइलवर बघितलं, इंजेक्शन स्टेरॉइडचंच होतं. आज दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊन टेप टेस्ट आणि स्क्रेपिंग दोन्ही केलं, स्क्रेपिंगमध्ये काही नाही, टेपवर यीस्ट भरपूर आणि थोडे बॅक्टेरिया. पिसवांसाठी महिन्यातून एकदा द्यायची चघळायची गोळी दिलीये, मांजरीला वेगळे ड्रॉप्स, आणि क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला शॅम्पू आठवड्यातून दोनदा. अँटिबायोटिक सध्या नको म्हणाले, शॅम्पूनेच बघू म्हणाले, ते चालेल ना? आणि शॅम्पू नक्की कसा लावायचा, मी तर लावते आणि लगेच धुते. खाण्याचं अजून डोक्यात आहेच, चिकन बंद करू की नको? आणि चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो कोन घातला तर तो बिचारा भिंतीला धडकत फिरतो, घालायलाच हवा का?

प्राणीडॉक :

अँटिबायोटिक टाळलं ते उत्तम केलं. वरवरचं इन्फेक्शन पुष्कळदा नुसत्या औषधी शॅम्पूने जातं, आणि ऊठसूट गोळ्या दिल्याने औषधांना दाद न देणारे बॅक्टेरिया तयार होतात, ही कुत्र्यांच्या कातडीतली आता मोठी डोकेदुखी आहे. दोन-तीन आठवड्यांत पुळ्या कमी झाल्या नाहीत किंवा खोल जखमा झाल्या तर कल्चर करून (म्हणजे कुठले बॅक्टेरिया आहेत ते प्रयोगशाळेत वाढवून बघून) मग नेमकं अँटिबायोटिक द्यायचं.

शॅम्पूचं औषध कातडीवर १० मिनिटं टिकायला हवं, घड्याळ लावून. लगेच धुतलं तर औषध काम करायच्या आतच गटारात गेलं. पाणी कोमट, गरम नको, गरम पाण्याने खाज वाढते. आधी पूर्ण ओला करा, शॅम्पू जिथे त्रास आहे तिथून म्हणजे पंजे, पोट, जांघा, काखा इथून लावायला सुरुवात करा, चोळताना केसांच्या दिशेने, रगडू नका. १० मिनिटं तो चाटणार नाही एवढं बघा, चाटायच्या चटईवर काहीतरी लावून गुंतवा किंवा गप्पा मारा त्याच्याशी. मग भरपूर पाण्याने धुवा, साबण राहिला तर त्यानेच खाज येते. शेवटी बोटांच्या बेचक्या, काखा आणि कानाच्या खालची जागा नीट कोरडी करा, यीस्टला ओलावाच हवा असतो. माणसांचा शॅम्पू अजिबात नको. आपली कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची बरीचशी उदासीन, शिवाय त्यांच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा कितीतरी पातळ असतो.

पिसवांच्या चघळायच्या गोळ्या सहसा आयसोक्सॅझोलिन गटातल्या असतात, चांगल्या असतात आणि लुतीवरही चालतात. फक्त गब्बूला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्या कुत्र्यांत काळजीपूर्वक वापरायच्या असतात.

खारुताई :

खाण्याबद्दल मी लिहू का, आमच्या घरात हे सगळं नीट करून झालंय. नुसतं चिकन बंद करून काही कळत नाही हो. एक तर अन्नाची अ‍ॅलर्जी लोकांना वाटते तेवढी सर्रास नसते, आणि असली तर ती चिकनचीच असेल असं नाही, बीफ, दूध, चिकन, गहू यांची नावं जास्त निघतात. धान्य नसलेलं खाणं आणलं की प्रश्न सुटला असंही नाही, बहुतेकांना त्रास प्रोटीनचा असतो. रक्ताच्या, केसांच्या, लाळेच्या टेस्ट विकतात त्यांच्यावर अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी भरवसा ठेवता येत नाही, त्यात पैसे घालू नका.

खरी टेस्ट एकच, एलिमिनेशन डाएट. त्याने आयुष्यात कधी न खाल्लेलं एकच प्रोटीन, किंवा डॉक्टर देतात ते हायड्रोलाइज्ड खाणं ज्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्याला ओळखत नाही, आणि हे किमान ८ आठवडे. या काळात दुसरं काही म्हणजे काहीच नाही. बिस्किट नाही, चघळायचं हाड नाही, चवीची टूथपेस्ट नाही, मांजरीच्या ताटलीतलं उरलेलं नाही, जेवताना टेबलाखाली पडलेला घास नाही. चवीची औषधं पण मोजायची, म्हणून त्याच्या त्या चघळायच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, त्या काळापुरतं मानेवर लावायचं औषध देता येतं. आमच्याकडे फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं आणि पाहुणा आला की दारातच सांगायचो. लोक हसतात, हसू देत, एका बिस्किटाने कितीतरी आठवड्यांची मेहनत वाया जाते.

आणि ८ आठवड्यांनी खाज कमी झाली तरी तिथे थांबायचं नाही. जुनं खाणं परत द्यायचं. दोन आठवड्यांच्या आत खाज परत आली तर सिद्ध झालं, नाही आली तर अन्नाचा दोष नव्हता, मधल्या काळात ऋतू बदलला असेल किंवा पिसवा गेल्या असतील. ही पायरी सगळ्यांना नकोशी वाटते, बरा झालेला जीव परत खाजवायला का लावायचा, मलाही जिवावर आलं होतं, पण ती केली म्हणून आम्हाला नक्की कळलं आणि त्यानंतर त्याला बाकीचं निर्धास्त खाऊ घालता आलं.

तुम्ही मात्र आत्ताच सुरू करू नका. आधी पिसवा आणि यीस्ट जाऊ देत. सगळं एकदम केलंत तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

रानवारा :

कोनबद्दल. जखम आहे तोपर्यंत घालाच, कुत्र्याची जीभ जखम भरून देत नाही, ओली ठेवते आणि वाढवते. प्लॅस्टिकचा सहन होत नसेल तर कापडी किंवा हवा भरायचा मिळतो, पण शेपटीच्या मुळापर्यंत तोंड पोचत नाही ना हे घालून बघून घ्या, हवेच्या कोनातून लॅबची मान पाठीमागे पोचते बऱ्याचदा. जेवताना आणि तुम्ही समोर बसून लक्ष देणार असाल तेव्हा काढा.

शिवाय फिरून आलं की चारही पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून मग कोरडे करायची सवय लावा. अ‍ॅलर्जी असेल तर कातडीवर बसलेले परागकण जातात, नसली तरी बेचक्यातली माती जाते. फरशी पुसायचं लिक्विड कडक असेल तर तेही पोटाला लागतं, फरशी वाळल्यावरच त्याला त्यावर लोळू द्या. पट्टा रात्री काढून ठेवा आणि त्याच्या खालची कातडी बघत जा.

प्राणीडॉक :

खारुताईंनी क्रमाबद्दल अगदी योग्य लिहिलंय. एक भर घालतो. पिसवा गेल्या, यीस्ट गेलं, डाएट करून झालं आणि तरीही पंजे, काखा, कान, तोंड यांची खाज राहिली तर मग अ‍ॅटोपी, म्हणजे घरातल्या धुळीतले माइट्स, परागकण, बुरशी यांची अ‍ॅलर्जी. ती बहुतेक कुत्र्यांत वयाच्या ६ महिने ते ३ वर्षांदरम्यान सुरू होते आणि लॅब तिच्यासाठी प्रसिद्ध आहेत, त्यामुळे गब्बूच्या बाबतीत मनाची तयारी ठेवा. ती पूर्ण बरी होत नाही पण ताब्यात चांगली राहते. ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या खाजेवर एका दिवसात काम करतात, लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन साधारण महिनाभर पुरतं आणि ते स्टेरॉइड नसतं. सायक्लोस्पोरिनला चार ते सहा आठवडे लागतात. मूळ कारणावर काम करणारा उपाय म्हणजे अ‍ॅलर्जी टेस्ट करून त्याच्यासाठी बनवलेली इम्युनोथेरपी (ज्याचा त्रास होतो तेच थोडं थोडं देऊन शरीराला त्याची सवय लावणं), तिचा निकाल कळायला बऱ्याचदा वर्ष जातं पण निम्म्याहून जास्त कुत्र्यांत चांगला फरक दिसतो. ओमेगा-३ ची जोड द्यायला हरकत नाही, २-३ महिने तरी द्यावं लागतं, डोस वजनाप्रमाणे विचारून. साध्या अँटिहिस्टामाइनचा (सर्दी-खाजेच्या नेहमीच्या गोळ्यांचा) कुत्र्यांत माणसांएवढा उपयोग होत नाही.

अ‍ॅलर्जीवाल्या कुत्र्याची खाज पेल्यात पाणी भरावं तशी भरत जाते. धुळीने अर्धा पेला, वर थोडं यीस्ट, वर दोन पिसवा चावल्या की सांडला. धूळ तुम्ही शून्य करू शकत नाही, पण पिसवा आणि यीस्ट करू शकता, आणि तेवढ्यावरही कितीतरी कुत्रे बिनऔषधाचे महिने काढतात. म्हणून पिसवांचं औषध बारा महिने, फक्त त्रास दिसला की नाही.

खाजेला रोज रात्री ० ते १० मध्ये आकडा देऊन लिहून ठेवा आणि आठवड्याला पंजा-पोटाचा फोटो काढा. डॉक्टरांना ‘थोडं बरं आहे’ यापेक्षा त्याचा खूप उपयोग होतो.

आणि हे दिसलं तर वाट बघू नका: तोंड-डोळे अचानक सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वासाला त्रास, ताप, खाणं सोडणं, जखमेतून पू किंवा घाण वास, जखमेत अळ्या. त्याच दिवशी न्यायचं.

भटक्या_पंजा :

मध्येच विचारतो, आमच्या कुत्रीला पोहायला फार आवडतं आणि पोहून आली की एक-दोन दिवसांत गालाखाली किंवा मांडीवर एकदम ओला लाल चट्टा येतो, सकाळी छोटा असतो आणि संध्याकाळी तळहाताएवढा. हे पण यातलंच का? पोहणं बंद करू का?

प्राणीडॉक :

हा हॉटस्पॉट. दाट फरात पाणी अडकतं, कातडी मऊ पडते, एखादी पिसू चावते किंवा कान दुखतो, ती तिथे खाजवते आणि काही तासांत पसरतं. गालाखालीच येत असेल तर कान तपासून घ्या, मूळ तिथे असतं पुष्कळदा. चट्टा दिसला की भोवतीचे केस ट्रिमरने कापायचे, दिसतो त्यापेक्षा केसांखाली तो मोठा असतो. सौम्य क्लोरहेक्सिडीनने दिवसातून दोनदा पुसून कोरडं ठेवायचं, मलमाचा थर द्यायचा नाही, कोन घालायचा. फार दुखतं ते, हात लावू देत नसेल तर जबरदस्ती करू नका, दवाखान्यात वेदनाशामक देऊन करू देत. एका दिवसात आटोक्यात आला नाही तरी न्यायचं.

पोहणं बंद नका करू, तिचा आनंद आहे तो. बाहेर आली की साध्या पाण्याने धुवा, टॉवेलने दाबून पाणी टिपा, मग थंड हवेवर ड्रायर, कातडीपर्यंत वाळेस्तोवर. पट्टा काढून तोही वाळवा. कानात डॉक्टरांनी दिलेलं कान वाळवायचं लिक्विड, कापसाच्या काड्या अजिबात नाहीत, मळ आत ढकलला जातो. आणि पिसवा-गोचिडांचं औषध वरवर लावायचं असेल तर पोहण्याच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अशी फट ठेवून लावा, किंवा सरळ गोळीवर जा.

गब्बूची_आई :

हे कोरडं करण्याचं मी गब्बूलाही आजपासून लागू करते, आमच्याकडे आंघोळीनंतर तो नुसता अंग झटकून उन्हात बसायचा. पहिली १० मिनिटांची आंघोळ झाली काल, मी आणि मुलगी आळीपाळीने त्याच्याशी बोलत बसलो होतो, शांत उभा राहिला शहाण्यासारखा. वह्या आणि व्हॅक्यूम दोन्ही सुरू झालंय. तीन आठवड्यांनी परत टेप टेस्ट करायची आहे, तेव्हा इथे लिहिते. काल रात्रीचा आकडा ७.